डंकावरचे डोळे

पोलादपूर, ११ मार्च २०२५

ती. मैनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणशील, महाडात सख्खी बहीण असून ही बया पत्रं कसली लिहिते! काय करू गो, फोन लावला की सासूबाई शेजारी येऊन बसतात. म्हणून हे पत्र धोंडूकाकांच्या हाती, दुधाच्या गाडीवरून.

माझ्या डोळ्यांची आग काय थांबत नाय. आमच्या मसाला कुटायच्या डंकावर मिरचीचा हंगाम सुरू झालाय नि दिवसभर चाळणीवर मीच. वाळू घातल्यागत टोचतं, पाणी गळतं. सासूबाई म्हणतात, डंकावरच्या बाईचे डोळे गळणारच, त्यात काय नवल. शेजारणी म्हणतात, नवरा मुंबईला म्हणून रडते. ह्यांनी तर स्पष्टच सांगितलं, डॉक्टरने आजार लिहून दिला तर तुला डंकावरून उठवतो, नायतर ही नाटकं बंद. इथल्या डॉक्टरने पापणीत कागद लावला, तो चांगला भिजला. म्हणाले, पाणी भरपूर हाय, तुला काय झालेलं नाय. ताई, आता मला खरं कोण मानणार? नुसती कोंडून गेलेय मी.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
दर्शना

महाड, १४ मार्च

चि. सौ. दर्शनास अनेक आशीर्वाद.

अगो वेडे, आठ वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात आहे ती मी काय नुसती लादी पुसायला? आग झाली की डोळा पाणी सोडतो, पण ते पाणी डोळ्यावर ठरत नाही, गालावर ओघळतं. डोळा गळका नि तरी कोरडा, असं असतं ते. आमच्या वैदेही मॅडमनी हल्लीच एक नवी तपासणी आणलीय. पापणीच्या आतून अश्रूंचा टिपूस पट्टीवर घेतात. डोळ्यात दाह असेल तर त्याची खूण त्या पाण्यात उतरलेली असते. एक रेघ आली तर दाह नाही, दोन आल्या तर आहे. सासूला मात्र दोन रेघांचं काही बोलू नकोस, पेढे वाटायला निघेल!

वीस तारखेला चवदार तळ्यावर माणूस मावत नाही, तेव्हा गाडी मिळायची नाही. तू बावीसला ये. येताना जेवून निघ, जीवाला जप.

तुझी,
मैनाताई

पोलादपूर, २५ मार्च

ती. ताईस सा. न.

शनिवारी तुझ्यासमोर एकच रेघ आली नि माझं तोंडच उतरलं. हे फोनवर एवढंच म्हणाले, झालं समाधान? कालपासून परत चाळणीवर बसलेय.

एक सांगायचं राहिलं. यायच्या आधी पाच दिवस सासूबाई त्यांच्या बाटलीतले थेंब माझ्या डोळ्यांत घालत होत्या. लाल डोळ्यांची सून महाडला नेली तर लोक म्हणतील घरात छळतात, म्हणून. पाहुण्यांकडे जाताना आपण नीट होऊन जातो, तसंच वाटलं मला. मॅडमनी औषधाचं विचारलं तेव्हा सोबत आलेल्या सासूबाईच पटकन नाय म्हणाल्या, मी मान हलवली. बाटलीवरचं नाव मागे लिहिलंय. त्याने काय बिघडलं नसेल ना?

राग आला तरी पत्र टाकच.

तुझी,
दर्शना

महाड, २८ मार्च

चि. दर्शनास आशीर्वाद.

कपाळ माझं! अगो, ते दाह दाबायचेच थेंब. चोर मागच्या दाराने पळवलात नि पंचांना बोलावलंत घर दाखवायला. मॅडम माझ्यावरही चिडल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. असले थेंब मेडिकलमधून आणून मनाने घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो, नजर जाते. सासू कधीपासून घालतेय ते विचार.

आता तीन आठवडे डोळ्यात काही म्हणजे काही घालू नकोस. वरून गार पाण्याची घडी ठेव, तेवढीच. आग होईल, मला कळतं, लिहितानाही जीव तुटतोय. पण दुसरा मार्ग नाही, बाय. एकोणीस एप्रिलला ये. धीर सोडू नकोस.

तुझी,
मैनाताई

पोलादपूर, २२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू दासगावला लग्नाला गेलेलीस, म्हणून सगळं लिहिते. तीन आठवडे कसे काढले ते माझं मला ठाऊक. एकदा तर बाटली उघडून हातात घेतली होती, परत ठेवली. पण दोन रेघा आल्या गो! मॅडमनी कागदावर आजाराचं नाव लिहिलं, मिरचीच्या धुरळ्यात बसायचं नाय तेही लिहिलं. मी तिथेच हमसून रडले.

घरी आल्यावर सासूबाई पायरीवर बसल्या नि म्हणाल्या, डंकावर बसून बारा वर्षं मी पण तेच थेंब घालतेय, आता कडेचं माणूस दिसत नाय, तुझ्या मॅडम माझे पण बघतील काय? इतका राग होता मला त्यांचा, ताई, नि मीच त्यांचा हात धरून बसले.

ह्यांना फोन करून सगळं सांगितलं. हे म्हणाले, दोघी उठलात तर ऐन हंगामात डंकावर बसणार कोण? सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला नि म्हणाल्या, तू.

हे अजून आलेले नायत. मिरचीची पोती दारात पडून हायत, गिऱ्हाईक शिव्या घालतंय. डंक बंद हाय. शनिवारी आम्ही दोघी येतो, सासूबाईंचा नंबर आधी लाव.

तुझी,
दर्शना