नालीकाठची हिरवळ

प्रिय अहो,

तुमच्या भावाला सांगून उपयोग नाही, मुलगी फोनवर हसते, म्हणून तुम्हाला लिहिते. किळस आली आहे मला या अंगणाची!

आठवतं? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला हिरवळीवर पाय ठेवू देत नसत, हे ऐकून तुम्ही म्हणाला होतात, "गोंदियात घर बांधू, तेव्हा तू आपल्या हिरवळीवर अनवाणी चाल." घर बांधलंत. हिरवळीआधी निघून गेलात. हे बरं केलंत का?

मग मीच बाजारात गेले. दुकानदाराने बर्फाच्या डोंगराचं चित्र असलेली चकचकीत पिशवी पुढे केली. "मॅडम, फॉरेन का माल है." आपल्या मे महिन्यात फॉरेनचं गवत जगेल? वर पिशवीवरची तारीख खरवडलेली! पिशवी त्याच्या पुढ्यात आपटली आणि उन्हाला टिकणारं हरळीचं ताजं, सीलबंद बी नागपूरहून मागवलं.

तेवढ्यात केशोरीहून भाऊजी आले. "वहिनी, जनमभर आम्ही धानाच्या बांधीतली हरळी उपटून राहिलो, अन् तुम्ही विकत आणता? काऊन जी?"

इथवर ठीक. पण मी पूजेला बसले असताना त्यांनी सगळं बी धानासारखं मिठाच्या पाण्यात टाकलं. धानाचं तरंगतं ते पोचट, मान्य. पण गवताचं बी मुळातच कोंड्यासारखं हलकं! सगळं तरंगलं. ते त्यांनी न्हाणीमागच्या नालीवर ओतलं आणि तळाशी बसलेली माती नि तणाचं बी माझ्या अंगणात पेरलं. वर मलाच म्हणाले, "बीवाल्यानं फसवलं जी तुम्हाले."

आता अंगणात लव्हाळा माजलाय. आणि नालीकाठी, साबणाच्या गढूळ पाण्यात, अशी दाट हिरवळ की पाहत राहावं. बेडूक लोळतात तिच्यावर. शी!

तुमच्या घरच्यांना "नको" म्हणायला तुम्हीही कधी शिकला नाहीत.

उद्या भाऊजी येताहेत. नालीकाठची हरळी त्यांच्याच हाताने उपटायला लावणार आणि अंगणात रोवून घेणार, धानाचा रोवणा करतात तशी, वाकून, जुडी जुडी. मी छत्री घेऊन डोक्यावर उभी राहीन.

ती रुजली की पहिल्या सकाळी चपला दाराशी काढीन. तुमच्या अजून तिथेच आहेत, त्यांच्या शेजारी. शब्द देते.

तुमचीच,
अजून रागावलेली विमल