पिस्ता रंगाचं कपाट

४ फेब्रुवारी
ही डायरी साबणाच्या कंपनीने दादाला एक जानेवारीला दिली. दादाने त्याच दिवशी मला दिली. म्हणाला, सुग्र्या, रोज दोन ओळी लिहीत जा, डोकं जागेवर राहील. महिना उलटला, एक ओळ लिहिली नाही. चूक पेनची आहे. या घरात एक पेन धड चालत नाही. आज वहिनीच्या बचत गटाच्या पिशवीत चालणारं सापडलं. आता रोज लिहिणार म्हणजे लिहिणारच.
धंदा ठरला. जुनं फर्निचर घ्यायचं, रंगवायचं, नवा लूक द्यायचा. मोबाईलवर एक बाई भंगारातलं टेबल अकरा मिनिटांत राजवाड्यातलं करते. मी तर आयटीआयला पेंटर ट्रेडला चार महिने होतो. सर पाणउतारा करायचे म्हणून सोडलं. पुण्याची आणि सुरतेची नोकरीही तशीच सोडली. माणसं नीट भेटत नाहीत, त्याला मी काय करू?

५ फेब्रुवारी
गेवराईला एक जुना दिवाण बघायला निघालो. मांजरसुंब्याला एसटीत माझा दोस्त सुरज भेटला. म्हणाला, उतर बे, कपिलधारला जाऊ, लई मस्त हाय. गेलो. धबधब्याला पाणी नाही. फेब्रुवारीत पाणी नसतं हे सुरजने आधी सांगायला नको? तिथंच भांडण. दिवाण राहिला.

६ फेब्रुवारी
लिहिण्यासारखं काही नाही. सुरजला ब्लॉक केलं.

७ फेब्रुवारी
वहिनी चार दिवसांसाठी माहेरी गेली, बहिणीच्या डोहाळजेवणाला. दादा दिवसभर किराणा दुकानात. मोकळ्या घरात डोकं चांगलं चालतं. दिवाण कशाला? वहिनीच्या लग्नातलं लोखंडी कपाट आहे की. तपकिरी, खालून गंजलेलं. दारावर पांढऱ्या ऑइल पेंटने लिहिलेलं: चि. सौ. कां. गंगासागर हिस वडिलांकडून सप्रेम भेट. अक्षरं मोठी, एक वर एक खाली, शेवटचा ट जागा संपली म्हणून हँडलखाली घुसवलेला. असलं कपाट राजवाड्यात कोण ठेवील? सॅम्पल म्हणून हेच. वहिनी बघतच राहील.

८ फेब्रुवारी, सकाळी
रंगाच्या दुकानदाराने डोकं फिरवलं. म्हणे आधी पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग रंग. मी म्हणालो, काका, मला शिकवू नका, आयटीआय केलंय. तो म्हणाला, केलंय का नुस्ता जाऊन आलतास? चार गिऱ्हाइकं हसली. त्या रागात प्रायमर घेतलाच नाही. थिनरही राहिलं.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी
पिस्ता रंगाचे दोन हात झाले. थिनरऐवजी गाडीतलं पेट्रोल. रंगाखालून अक्षरं वर येत होती म्हणून आधी खरवडून काढली. तास गेला. कसल्या जोराने लिहिली होती कोण जाणे, निघता निघेनात.

९ फेब्रुवारी
व्हिंटेज लूकसाठी कडा परत घासल्या, आतला गंज दिसेपर्यंत. दादा बघत होता. म्हणाला, जुनं होतं ते नवं केलंस, आता नवं हाय ते जुनं कावून करायलास? याला काय सांगायचं. जन्मभर साबण आणि शेंगदाणे विकले.
दारावरची अक्षरं कुठं गेली, हे त्याने विचारलंच नाही. म्हणजे त्यालाही चाललं.

११ फेब्रुवारी
वहिनी आली. पिशवी खाली ठेवली, कपाटापुढे उभी राहिली. अक्षरं होती तिथे हात लावला. रंग तीन दिवसांनीही ओलाच, हात पिस्ता झाला. एवढंच म्हणाली, भाऊजी, हितं आण्णांचं अक्षर होतं. मी म्हणालो, वहिनी, हा सध्याचा ट्रेंड आहे. तिने न उघडलेली पिशवी उचलली आणि आल्या पावली स्टँडवर गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही.
थँक्यू नाही ते नाही. वर हाताचे ठसे.

१२ फेब्रुवारी
आज कळलं. कपाटावर पेंटरने लिहिलेलं नव्हतं. वहिनीच्या आण्णांनी स्वतः लिहिलं होतं. जन्मभर गेवराईच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर नंबर टाकले. दादा म्हणाला, आकडे सोडून त्या माणसानं लिहिलेलं एवढंच होतं बे. दोन वर्षांपूर्वी ते वारले, तेव्हा वहिनी या कपाटाला टेकून बसायची.
मला कुणी सांगितलं होतं? कपाटावर एवढं लिहिलं, रंगवू नये हे लिहायला काय झालं होतं?
वहिनी दादाचा फोन घेत नाही. दादाने मला सांगितलं, जसं होतं तसं कर आणि तिला घेऊन ये, न्हाईतर तुझं तू बघ. सख्खा भाऊ!

१४ फेब्रुवारी
पिस्ता काढला की खाली अक्षरं सापडणार, हे माझं लॉजिक. रंग काढायचं औषध आणलं. पिस्ता गेला, तपकिरी गेला, अक्षरं नाहीत. दोन बोटं भाजली. औषध बनवणाऱ्यांना कोर्टात खेचलं पाहिजे. परत पिस्ता मारला.

१६ फेब्रुवारी
आयडिया! लग्नाचा अल्बम. फोटोत अक्षरं असणार, त्यावरून हुबेहूब काढायची. सापडला. रुखवताशेजारी कपाटाचा एकच फोटो. त्यात दारापुढे गॉगल लावून, हाताची घडी घालून मी उभा. वरती फक्त 'चि.' दिसतं, बाकी सगळा मी.
फोटोग्राफरला अक्कल नको? बाजूला हो म्हणायला काय जात होतं?

१८ फेब्रुवारी
प्रश्न सुटला. गाड्यांच्या नंबर प्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून तोच मजकूर करून आणला. लाल, चकाकणारा, सगळी अक्षरं एका उंचीची. आण्णांपेक्षा दहापट सरस. त्याने दोन गुलाब आणि एक गरुड फुकट दिला, तेही चिकटवले. दादा दारात उभा राहून बघत राहिला, मग दुकानात गेला. पटलं असणार.
उद्या वहिनीला आणायला जातो. मी माफी मागणार नाही. ती मागेल तर मोठ्या मनाने घेईन.

१९ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ
अंघोळ झाली. इस्त्रीचा शर्ट. निघतच होतो. दारात रिक्षा थांबली.
वहिनीची आई. दगडाबाई. लग्नाला सहा वर्षं झाली, ही बाई या घरी कधी आली नाही. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. आज पाण्याची बाटली घरून भरून आणली आहे. वहिनी सोबत नाही. मला वाटलं, भांडायला आली. मीही तयारच होतो.
भांडली नाही. ओट्यावर बसली, पदराने घाम पुसला. म्हणाली, गंगीला बरं वाटंना, म्हून ऱ्हायली हाय तिकडं. ती सांगत हुती, भाऊजीनं कपाट लई झ्याक केलं, नव्यावानी. म्हणलं, मालकाचं अक्षर नव्या रंगात कसं दिसतंय, येकदा डोळ्यानं बघून यावं.
मी म्हणालो, मावशी, वाचता येतं तुम्हाला? म्हणजे रेडियम आहे म्हणून.
म्हणाली, न्हाई रं लेकरा. वाचाया न्हाई येत. मालकाचं अक्षर तेवढं वळखते.
मी आतल्या खोलीत आहे. कडी लावली आहे. खिडकीला गज आहेत. बाहेरून विचारतेय, कपाट ह्याच खोलीत हाय का रं.