बिस्किटाच्या डब्यातल्या चौदा बाटल्या

अण्णा, तुमचा हात चुकला नव्हता. खरं तर एवढंच लिहायला बसले होते. पण एका वाक्यात तुम्हाला कधी काही पटलंय का?

गेल्या महिन्यात माझ्या लेकीला थंडी भरून ताप आला. बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून तिला तशीच उचलून दवाखान्यात नेली. मूत्रपिंडाला संसर्ग झालेला. डॉक्टरीणबाई वयानं तिच्याएवढीच. औषध लिहिता लिहिता तिनं विचारलं, घरात कुणाला इंजेक्शनानंतर ऐकू येईनासं झालंय का? चाळीस वर्षांत हे आपल्यापैकी कुणी घराबाहेर बोललं नव्हतं. मी म्हटलं, माझ्या धाकट्या भावाला, पाच वर्षांचा होता तेव्हा. तिचं पेन तिथंच थांबलं. लिहिलेलं खोडून तिनं दुसरं औषध दिलं आणि आम्हा दोघींचं रक्त तपासायला पाठवलं. लेक बरी होऊन घरी आली, कान शाबूत.

मग रिपोर्ट आला. बाईनं कागदाच्या पाठीवर गोल काढून मला समजावलं. काही घराण्यांत जन्मतःच असं काही असतं की या जातीच्या इंजेक्शनांचा नेहमीचा, अगदी मोजून मापून दिलेला डोससुद्धा कान घेऊन जातो. बाकीची माणसं तेच औषध घेऊन ठणठणीत होतात. आणि हे येतं फक्त आईकडून. मुली पुढं देतात, मुलगे देत नाहीत. माझ्यात आहे, लेकीत आहे, म्हणजे धाकट्यातही असणारच. म्हणजे आईत. तिला जन्मात कधी ते इंजेक्शन टोचलं गेलं नाही, म्हणून या वयातही तिला शेजारच्या कुकरची शिट्टी मोजता येते. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले. रडू आलं नाही, नुसता शीण आला.

तुम्ही पीण्या भागातल्या कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर. धाकट्याची छाती भरलीय, डॉक्टरांनी लिहून दिलंय, दिवसातून दोनदा, सात दिवस. तापल्या पोराला बसमधून रोज कुठं नेणार, म्हणून तुम्ही औषध राजाजीनगरच्या घरी आणता. काचेची सिरिंज पातेल्यात उकळतेय, मी त्याचे पाय धरून बसलेय, आणि तुम्ही म्हणताय, "स्वल्प थांब रे राजा, झालंच." ताप उतरला. थोड्या दिवसांनी आई त्याला जेवायला हाक मारते, तो वळत नाही. ती त्याच्या पाठीमागं ताटावर पळी आपटते. तो काडेपेट्यांची गाडी ढकलतच राहतो. तुम्ही दारात चपला काढत होता. एक पायातच राहिली.

"कंपाउंडरच तो, डॉक्टर थोडाच? हात सैल सुटला असेल," असं कुणीतरी म्हणालं, आणि आईनं ते जे उचललं ते खाली ठेवलंच नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी, "मीठच जास्त झालंय, औषध नाही." तुम्ही मान खाली घालून जेवायचात. इंजेक्शनाच्या त्या रिकाम्या बाटल्या तुम्ही बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या होत्या. सात दिवस, दोन वेळा, चौदा. मोजायचात, झाकण लावायचात, उघडून परत मोजायचात. तुम्ही गेल्यावर कपाट आवरताना मीही मोजल्या. चौदाच होत्या, अण्णा.

एका दुपारी स्वयंपाकघरात तुम्ही आईला विचारलंत, "तुझ्या थोरल्या भावाचे कान लहानपणी तापात गेले म्हणतात. तेव्हा त्याला कसली इंजेक्शनं दिली होती का ग?" आई भडकली. "वा! स्वतःचं करणं झाकायला आता माझ्या माहेरावर ढकला!" मी सतरा वर्षांची, शहाणी. मी म्हटलं, "पुरे करा अण्णा. निदान कबूल तरी करा." तुम्ही दोघींकडं पाहिलंत, तुमचं ते कानडी "सरी", बरं, एवढंच म्हणालात आणि बाहेर गेलात. मामाचं नाव परत काढलं नाहीत. नेमकं बोट ठेवलं होतंत तुम्ही, आणि आम्ही ते पिरगाळलं. पुढं माझी लेक तापली तेव्हाही मी म्हटलं, "तुम्ही हात लावू नका." त्यानंतर तुम्ही यायचात, खिशातला थर्मामीटर काढून माझ्या हातात द्यायचात आणि उंबऱ्यापाशी उभे राहायचात. लाज वाटते मला.

धाकट्याला सगळं सांगितलं. तुम्ही शिकवलंत तसं समोर बसून, ओठ सावकाश हलवत.  त्याच्या त्या जाड आवाजात तो म्हणाला, "अण्णांना कळायला हवं होतं." म्हणून हे लिहिलं. कुठं पाठवणार, त्याच डब्यात बाटल्यांवर ठेवीन.

आई आता माझ्याकडं असते. तिच्या फाइलीवर, हे औषध द्यायचं नाही, असं मी लाल शाईनं लिहून ठेवलंय. काल शेंगा सोलता सोलता तिनं विचारलं, "रिपोर्टात काय आलं ग?" मी म्हटलं, ते इंजेक्शन आपल्या घराला चालत नाही, एवढंच. "कुणाकडनं आलं म्हणे?" तिचे हात थांबले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, अण्णा. मी म्हटलं, ते काही कळत नाही म्हणे. तिनं भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं पाहिलं आणि परत शेंगा सोलायला लागली. "त्यांच्याकडनंच असणार," ती म्हणाली.

मी "सरी" म्हटलं.