पुस्तकात नसलेलं फूल

२ एप्रिल, सकाळ
रिटायरमेंटचा पहिला सोमवार. आजपासून रोज टेकडीच्या माथ्यापर्यंत वॉक. डॉक्टरांनी दम दिला म्हणून नाही, मला निसर्गाची मुळातच ओढ. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला. टेकडी, पठार, खिंड, सगळं फळ्यावर काढलं. आता प्रत्यक्ष पाहायचं. नवे बूट, टोपी, दुर्बीण आणि रानफुलांचं सचित्र पुस्तक आणलं. बायको म्हणाली, आधी चालून तर बघा, खरेदी नंतर करा. मोठ्या कामाची सुरुवात कशी करतात हे तिला कोण सांगणार?

त्याच दिवशी, दुपार
बूट चावले. गावाबाहेरच्या बेकरीपर्यंत गेलो. बेकरीच्या बाजूला एक बाक आहे. तिथून टेकडी पूर्ण दिसते: पायथा, उतार, माथा. पहिल्याच दिवशी एवढं म्हणजे उत्तम. एक बन खाल्ला. चालल्यावर एनर्जी लागते.

९ एप्रिल
आठवडाभर बेकरीच, रविवारी सुट्टी. हे मुद्दाम. शरीराला टप्प्याटप्प्याने सवय लावायची असते. बेकरीवाला भला माणूस, माझी टोपी लांबून दिसली की चहा ओततो.

घरी गेल्यावर बायको विचारते, आज कुठली फुलं दिसली? मी पुस्तकातलं एक पान सांगतो. काल पिवळी सांगितली, आज पांढरी. सगळ्या रंगांना न्याय मिळाला पाहिजे.

ती स्वतःही हल्ली पहाटे शेजारच्या वकीलबाईंबरोबर कुठेतरी जाते. चालण्यापेक्षा गप्पाच जास्त असणार.

२७ एप्रिल
बनचे दोन झाले. वजन एक किलोने वाढलं. स्नायू.

बेकरीवाल्याला हल्ली झारी घेऊन बाकामागे घुटमळायची खोड लागली आहे. माझ्या शर्टावर शिंतोडे उडतात. टोकलं. तो म्हणाला, साहेब, तुम्ही जरा मागे वळून तर बघा. मी म्हटलं, मी टेकडी बघायला येतो, तुझा चिखल बघायला नाही.

१० जून, रविवार
मेहुणीकडे जेवायला. साडूची बाग म्हणजे काय विचारता! प्रत्येक झाडाला पाटी, पाटीवर लॅटिन. वांग्यालासुद्धा. जेवताना साडू म्हणाला, वॉक म्हणजे नुसती तंगडतोड, की काही बघताही? मला झोंबलं. मी शांतपणे म्हटलं, टेकडीच्या माथ्यावर एक रानफूल सापडलंय. माझ्या पुस्तकात नाही. कुठल्याच पुस्तकात नसावं.

साडूचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! काय बरं वाटलं.

मग तो म्हणाला, पुढच्या रविवारी येतो, दाखवा.

घरी येताना बायको विचारत होती, असं कुठलं हो फूल? मी खिडकीबाहेर बघत राहिलो. रविवारपर्यंत फूल मिळालं नाही तर हा माणूस माझ्या तेराव्यालासुद्धा हाच किस्सा सांगेल.

११ जून
टेकडी चढायचीच असं ठरवून निघालो. बाकापाशी बुटाची नाडी सुटली. वाकलो, टोपी पडली, घरंगळत बाकामागे गेली. उचलायला वळलो आणि थक्क!

निळी फुलं, मध्ये पिवळा ठिपका. चांगला वाफाभर. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितलं. सूचीही बघितली. नाही म्हणजे नाही. नवी जात!

बेकरीवाला भट्टीपाशी होता. चहाच्या चमच्याने एक रोप मुळासकट काढलं, टोपीत घालून घरी आणलं, कुंडीत लावलं. जागेबद्दल विचार केला. बी नक्कीच माथ्यावरून वाऱ्याने खाली आलं असणार. म्हणजे फूल टेकडीचंच. यात खोटं काही नाही.

१३ जून
रोप मान टाकतंय. उंचावरच्या झाडाला सखल हवा मानवत नसावी. तीन वेळा पाणी, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा आणि माझ्या टॉनिकचे दोन चमचे घातले.

बायको कुंडीकडे बराच वेळ बघत होती. विचारलं, हे कुठून आणलंत? मी सांगितलं, माथ्याच्या पूर्वेकडचा कडा, अवघड जागा, एकदा पाय घसरता घसरता वाचला. ती घाईघाईने आत गेली. आतून विचित्र आवाज आला. विचारलं तर ठसका लागला म्हणाली.

१६ जून
एकच फूल उरलंय. ते दोऱ्याने काडीला बांधलं. शोध लावणाऱ्याचं नाव जातीला देतात, म्हणून आडनावाचं लॅटिन करून पाहिलं. छान वाजतं. साडूच्या बागेत एक दिवस ही पाटी लागेल.

१७ जून, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. पण रोजनिशी ती रोजनिशी.

साडू आणि मेहुणी सकाळीच आले. साडूच्या पायात डोंगरी बूट. मी कुंडी पुढे केली. तो म्हणाला, कुंडी नंतर, आधी फूल उगवतं ती जागा बघू. मी गुडघ्याचं सांगून पाहिलं. बायको म्हणाली, अहो, रोज तर जाता. चौघेही निघालो.

बेकरीवाला लांबूनच ओरडला, साहेब, आज रविवारी कसे? नेहमीचे दोन बन ना? साडू म्हणाला, नेहमीचे? मला धाप लागली होती, बाकावर टेकलो. साडू मात्र बाकामागे गेला. चष्मा लावून वाकला. म्हणाला, ही तर माझीच फुलं! एप्रिलमध्ये ताईंना बियांचं पाकीट दिलं होतं.

मी पुस्तक उघडून दाखवलं की हे यात नाही. तो म्हणाला, कसं असेल? पुस्तक रानफुलांचं आहे. हे बागेतलं फूल, कुणाच्याही खिडकीत असतं.

मेहुणी हसून हसून रस्त्यातच बसली.

बायको मात्र हसली नाही. म्हणाली, मी आणि वकीलबाई रोज माथ्यापर्यंत जातो. वरून बाक दिसतो, तुमची टोपीही दिसते. घरी येऊन फुलं बघितली म्हणता. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाला रोज खोटं बोलायला लागू नये, म्हणून फुलंच इथे पेरली. या बेकरीवाल्यांना पाणी घालायला सांगितलं. म्हटलं, एक ना एक दिवस वळून बघतील.

साडूने मग चष्मा काढून खिशात ठेवला. त्याने बन मागवले.

मला भयंकर राग आला होता. घरी पोचेपर्यंत टिकला नाही. खरं सांगायचं तर घशात काहीतरी दाटून आलं होतं. बनसुद्धा असेल.

१८ जून
उद्या टेकडी. पक्कं. बायकोबरोबर, माथ्यापर्यंत. गजर लावला. कुंडीतलं रोपही परत नेऊन लावायचं.

१९ जून
गजर वाजला असं बायको म्हणते. मला उठवलंही होतं म्हणे. तेव्हा मी तिला वर्गाबाहेर उभं राहायला सांगितलं. मग ती आणि वकीलबाई गेल्या.

मी कुंडी घेऊन बेकरीवर गेलो. रोप लावलं, झारीने पाणी घातलं, टॉनिक नाही घातलं. बसायला गेलो तर बाक उलटा. बायकोने जाताना बेकरीवाल्याकडून फिरवून घेतला होता.

आता फुलं समोर आहेत. टेकडी पाठीमागे गेली. दोन बन खाल्ले आणि वरून दिसेल अशी टोपी हलवली.