मातृभाषेचा रकाना

अल्फारेटा, २ मार्च २०२५

चि. सिद्धेश यास शशिकांतकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी ओरडण्यात घालवतो, असं तुझ्या रत्नाकाकूचं म्हणणं. म्हणून पत्र. आपल्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती तीस एप्रिलला छापायला जाते आहे. अमेरिकेतल्या शाखेची सगळी पानं मी एकट्याने, या सत्त्याहत्तराव्या वर्षी, जुळवली. तुझ्या घराचं पान तपासायला पाठवलं, तर ते परत आलं लालेलाल! सबंध नोकरीत माझ्या पुलांच्या एकाही ड्रॉइंगवर कुणी एवढ्या रेघोट्या मारल्या नव्हत्या.

'सासरचे नाव' या रकान्यात मी सूनबाईचं नाव मालती लिहिलं. मग काय लिहायचं होतं? चार पिढ्या तो रकाना कोरा राहिलेला नाही. माहेरच्या रकान्यात सुपांग ठेवलंय की! मातृभाषा मलाय लिहिली, तर तीही खोडून शेजारी 'केलाबित'. अरे, ती मलेशियाची ना? बोर्निओच्या डोंगरातल्या पाच-सहा हजार माणसांच्या बोलीला छापील पुस्तकात कशाला जागा?

आणि काकू सांगत होती, सुपांग उर्वीशी तेच बोलते म्हणे. चौदा महिन्यांचं पोर. बाप मराठी, आई ते, पाळणाघरात इंग्रजी. अशाने ती बोलायचीच नाही. सुपांगला वेळीच बंद करायला सांग. पान नीट करून धाड, आणि म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.

तुझा,
शशिकांतकाका

सनीव्हेल, ९ मार्च २०२५

तीर्थस्वरूप काकांस, शि. सा. न. वि. वि.

राग धरलाय. आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना धक्का बसायला नको.

लाल पेन माझं. सुपांग चिडलीसुद्धा नाही. मी तिला ते पान वाचून दाखवत होतो, तर तिने मध्येच थांबवून विचारलं, की ही मालती कोण. लग्नाला सहा वर्षं झाली काका, आणि ती मालती म्हणजे तूच, हे मला तिला सांगावं लागलं. मला लाज वाटली, आणि मग तुमचा भयंकर संताप आला.

तुम्हाला आठवतं, एका ग्रंथालयात मराठी पुस्तकं हिंदीच्या फळीवर लावली होती? तुम्ही तीन पत्रं लिहिलीत, चौथ्यांदा स्वतः गाडी काढून गेलात. मराठी म्हणजे हिंदीचीच बोली ना, असं कुणी म्हटलं की तुमच्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेच तुम्ही तिला केलंत! तेही पक्क्या शाईत.

तिने मला समजावलं ते लिहितो. ऑस्ट्रोनेशियन हे भाषांचं भलंमोठं घराणं. तैवानपासून न्यूझीलंडपर्यंत, मादागास्करपासून पार ईस्टर बेटापर्यंत पसरलेलं. मलाय त्यातली एक, केलाबित दुसरी. केलाबितची सख्खी म्हणावी अशी बहीण शेजारची लुन बावांग, मलाय चुलत घरातली. दोनला मलायमध्ये दुआ म्हणतात, हवाईत लुआ, केलाबितमध्ये दुएह. आपलं दोन, हिंदीचं दो, बंगालीचं दुई, तसंच. म्हणून मराठी कुणाच्या पोटात जाते का? वर गंमत म्हणजे भ, ध, घच्या जवळचे उच्चार त्या भाषेत आहेत. भाषांचे अभ्यासक ते ऐकायला मुद्दाम डोंगर चढून जातात. माझ्या इथल्या मित्रांच्या जिभा अडखळतात, मला ते पहिल्याच दिवशी घरचे वाटले.

उर्वी बोलते आहे. तिच्याकडे नऊ शब्द आहेत, तिन्ही भाषांतले. काकूला नमस्कार. माया असू द्या, पण पान आहे तसं छापू देणार नाही.

आपला,
सिद्धेश

अल्फारेटा, १५ मार्च २०२५

चि. सिद्धेश यास आशीर्वाद.

घराण्याचं पुस्तक आहे, भाषाशास्त्राचं नव्हे. तुझं व्याख्यान वाचलं.

पण आता हे काय ऐकतोय? जूनमध्ये सासुरवाडीला जाऊन तू स्वतः नाव बदलणार म्हणे! काकूला फोनवर सांगतोस आणि मला नाही? आम्ही सुनेला एक साधं मराठी नाव दिलं तर केवढा थयथयाट, आणि आपल्या घरातल्या कर्त्या मुलाने बायकोकडच्यांसाठी नाव टाकायचं? तुझे वडील असते तर त्यांनी काय म्हटलं असतं? पान छापू की गाळू, तेवढं कळव.

शशिकांत

सनीव्हेल, २२ मार्च २०२५

तीर्थस्वरूप काकांस, शि. सा. न. वि. वि.

गाळलंत तर तिघांचंही गाळा.

सुपांगच्या लोकांत पहिलं मूल झालं की आई नवं नाव घेते, बापही घेतो, आणि आजी-आजोबासुद्धा. मोठी जेवणावळ घालून सगळ्या गावासमोर ते नाव सांगतात. मूल येतं तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस नवं होतं, अशी त्यांची समजूत. नाव बदलायला तिची मुळीच ना नव्हती, काका. तिचं म्हणणं एवढंच, की नाव फक्त तिचं एकटीचं का बदललंत आणि तिला विचारलं का नाहीत. याचं उत्तर तुम्हीच तिला लिहा.

बाबा नाहीत. आजोबा म्हणून कोण उभं राहणार, असं सासूबाईंनी विचारलंय. मी तुमचं नाव सांगणार होतो. पण जी भाषा तुम्ही पुस्तकातही येऊ देत नाही, तिच्यातलं नाव तुम्ही कसं घेणार?

आणि उर्वीशी बोलायचं बंद कर, हे मी सुपांगला सांगणार नाही. त्या डोंगरातली तरुण मुलं शहरात येऊन मलाय नाहीतर इंग्रजी बोलतात. तिने सोडली तर उर्वीपुरती ती भाषा संपली. हा सल्ला आपल्या घरात एकदा पाळून झालाय. तुमच्याच मुलाला, शैलेंद्रदादाला, तुमची मराठी पत्रं कोण वाचून दाखवतं?

जास्त बोललो असेन. तरी पुसत नाही.

सिद्धेश

अल्फारेटा, ६ एप्रिल २०२५

चि. सिद्धेश आणि चि. सौ. सुपांग यांस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. कालचं पोर मला शिकवतं! रत्नाने ऐकून घेतलं, आणि मग म्हणाली, की त्याने विचारलंय त्याचं उत्तर द्या. सिद्धेश, शैलेंद्रला माझी पत्रं कुणीच वाचून दाखवत नाही. म्हणून मी त्याला लिहीतच नाही.

तो साडेतीन वर्षांचा असताना त्याच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरात फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल. मी लगेच हुकूम सोडला. रत्नाचं इंग्रजी तेव्हा बेताचं. ती त्याला गप्प बसून भरवायची, कारण काऊचा घास इंग्रजीत कसा म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. तोच हुकूम मी तुझ्या घरात धाडला. कुणाचा राग येतो म्हणून सांगू? त्या बाईंचा नाही रे, माझाच येतो. एका ग्रंथालयाला तीन पत्रं लिहिणारा मी, त्या बाईंना एक ओळ लिहिली नाही.

पान सोबत आहे. सासरचे नाव: सुपांग. मातृभाषा: केलाबित. उर्वीच्या रकान्यात दोन भाषा मावेनात, तर रकाना रुंद केला. छापखानेवाला कुरकुरला, त्याला म्हटलं, मी चाळीस वर्षं पूल बांधलेत, मला मापं शिकवू नकोस. सुपांग, मी क्षमा मागतो. सिद्धेश, हे तिला नीट वाचून दाखव, मधलं गाळू नकोस. जूनमध्ये आम्ही दोघं येतो आहोत. माझं नवं नाव तुम्ही ठरवा. फक्त आधी मला विचारा!

शेवटची एक दुरुस्ती माझ्याच पानावर निघाली. शैलेंद्र आणि नातू नील यांच्यापुढे मी मातृभाषा मराठी असं ठोकून दिलं होतं, कुणालाही न विचारता. काल शैलेंद्रला फोन करून विचारलं. 'इंग्लिश,' म्हणाला. मग इंग्रजीतच, मराठी येत नाही म्हणून, त्याने माझी क्षमा मागितली. त्याने, माझी!

मी लाल पेन घेतलं आणि दोघांच्याही पुढे इंग्रजी लिहिलं. तेवढं तसंच छापू दे. उर्वीशी दोघंही भरपूर बोला, आणि आम्हाला विसरू नका.

तुमचा,
शशिकांतकाका