राहणार न्यू जर्सी

प्रिय मिहिर,

बाबांचा ताथवड्याचा फ्लॅट आज विकला. बहिणीने भावासाठी हक्क सोडायचा असतो म्हणून मी माझा सोडला, वर तुझी मुखत्यार म्हणून सहीही केली. फक्त तू सांगितलेला माझा थेरगावचा पत्ता तुझा म्हणून घातला नाही. विकणारा परदेशात राहत असेल तर खरेदीदाराला त्याच्या पैशातून कर जास्त कापावा लागतो. न कापल्यास तो स्वतःच अडकेल, हे चाकणला नोकरी करणाऱ्या आपल्या खरेदीदाराला मीच समजावलं.

बाबांच्या दहाव्याला ये म्हटलं, तेव्हा तू म्हणालास, "ताई, मला आता अमेरिकेतलाच समज."

समजले. दस्तात तसंच लिहिलं.

हे पत्र टाकणार नाही. किती कापलं ते बँकेचा मेसेजच तुला सांगेल.

तुझी ताई,
पद्मा, राहणार थेरगाव