डाव्या हाताची कात्री

प्रिय टाचणी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच बाजूला ठेवशील अशी धास्ती वाटली, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतला. एवढी लबाडी पोटात घाल. चार वर्षं झाली, आपण एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. तू आईला फोन करतेस, तेव्हा मी शेजारच्या खोलीत कापडाच्या घड्या घालत असतो आणि एकच घडी पाच वेळा मोडून पुन्हा घालतो. बोलणं कुठे थांबलं ते दोघांनाही पाठ आहे. विमा कचेरीतली पंख्याखालची नोकरी सोडून तू त्या कात्र्या बनवणाऱ्या मास्तरांच्या भट्टीवर उभी राहायला निघालीस. मी दारात उभा राहून म्हणालो, तशी वस्तू आता कोणाच्याच हातून होत नाही, तुझ्या हातून तर जन्मात होणार नाही. ते वाक्य मागे कसं घ्यावं हे मला अजून समजलेलं नाही. आज त्यासाठीच बसलो आहे. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, मुद्द्यावर येण्याआधी मी गावभर हिंडून येणार.

घरची खबर अशी की आईचे गुडघे कुरकुरतात, ती स्वतः कुरकुरत नाही. शिवणकामाचं दुकान मी आता अर्धाच दिवस उघडतो. जुन्या वस्तूंचं वेड मात्र कमी व्हायच्या ऐवजी वाढलं आहे. ज्या पेनाने हे लिहितोय ते माझ्याहून वयाने मोठं आहे आणि माझ्यापेक्षा कमी गळतं. दाढी त्या जाड पोलादी रेझरनेच करतो, चहा कड उडालेल्या पांढऱ्या मगातून पितो, घड्याळाला रोज सकाळी स्वतः किल्ली देतो. नियम तोच, वापरात नाही ती वस्तू घरात नाही. काचेच्या कपाटात ठेवून लांबून नमस्कार करणाऱ्यांतला मी नव्हे. ज्या वस्तूला स्क्रू आहे ती उघडता येते, पुसता येते, पुन्हा कामाला लावता येते. हल्लीच्या वस्तू नुसत्या चिकटवलेल्या, बिघडल्या की थेट कचऱ्यात. आई म्हणते, या घरात जे जे जुनं आणि आवाज करणारं आहे ते सगळं अजून चालू आहे, तुमच्यासकट. मी हे कौतुकच समजतो.

आमच्यासारख्या वेड्यांचं एक मंडळही आहे. वाचनालयाच्या वरच्या दालनात महिन्यातून एका रविवारी जमतो, आपापली वस्तू दाखवतो आणि एकमेकांच्या चुका काढतो. तिथे माझ्या शब्दाला वजन आहे, हे सांगताना मी लाजत नाही. मूठ हातात धरून वस्तूचं वय सांगणारा माणूस अशी माझी ख्याती. होती, असं म्हणूया.

गेल्या हिवाळ्यात आपल्या गल्लीच्या टोकाच्या जुन्या सामानवाल्याकडे पकडी आणि हातोड्यांच्या ढिगात मला एक कात्री दिसली. शिंप्याची, लांब पात्यांची, तेलात काळ्या केलेल्या मुठीची. उचलली आणि चमकलो. ती माझ्या हातात बसली. डाव्या हातात! दुकानदार काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, मी त्याला हाताने गप्प केलं. म्हटलं, तू राहू दे, ही कुठली आणि केव्हाची ते मला शिकवू नकोस, किमान सत्तर वर्षांची आहे. पाती उघडून सोडून दिली तर ती आपल्या वजनाने अर्ध्यापर्यंत मिटली आणि थांबली. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाजच नाही.

दुकानात येऊन कापड पसरलं, खडूने रेघ मारली आणि कात्री चालवली. टाचणी, तुला हे समजेल, म्हणून तुलाच सांगतो. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं नेमकं रेघेवर येऊन बसतं. बेचाळीस वर्षं मी मान वाकडी करून, पलीकडून डोकावून कापड कापलं. लहानपणी तू माझी नक्कल करायचीस ती अशीच मान वाकडी करून, आणि गिऱ्हाइकं हसायची. त्या दिवशी मी सरळ उभा होतो आणि पांढरी रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर कापली जात होती. मला रडू आलं. आईला सांगितलं खडूची भुकटी डोळ्यांत गेली.

त्या कात्रीने मी तीन महिने काम केलं आणि तेवढ्यात तिच्या मूळ मालकाचं अख्खं चरित्र रचलं. कोणी एक डावखुरा शिंपी असणार, उंच, तापट, कामात पक्का. त्याने कुण्या जुन्या हाताच्या कारागिराला मुद्दाम सांगून ती बनवून घेतली असणार. मंडळात मी हे इतक्यांदा ऐकवलं की लोक त्या शिंप्याची ख्यालीखुशाली विचारायला लागले. मग वर्षाचं प्रदर्शन ठरलं. आदल्या दिवशी कात्रीशेजारी ठेवायला मी जाड पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘डाव्या हाताची कात्री, सुमारे सत्तर वर्षांपूर्वीची. असं काम आता होत नाही.’ आणि लिहिण्याच्या नादात तो पुठ्ठा कापला. त्याच कात्रीने. कापडाच्या कात्रीने कागद कापला म्हणून मी आजवर दोन कारागिरांना घरी पाठवलंय! आता मला कोण घरी पाठवणार? संध्याकाळी तलम कापडावर लावून पाहिली, तर पाती कापड चावायला लागली.

धारवाल्याने हात जोडले. उलटी कात्री आहे, म्हणाला, मला झेपायची नाही. नाक मुठीत धरून जुन्या सामानवाल्याकडे गेलो आणि अशी कात्री ओळखणारा कोणी म्हातारा अजून हयात आहे का, असं विचारलं. तो म्हणाला, म्हातारा कशाला, जिने बनवली तिच्याकडेच न्या की! तुझ्या त्या मास्तरांकडे तो जुन्या पकडी उचलायला गेला होता, तेव्हा ही फळीवर वर्षभर पडून होती. डाव्या हाताची म्हणून खपत नव्हती. मास्तरांनी सांगितलं, पोरीला दहा वेळा म्हटलं उजवी कर, ऐकतच नाही, म्हणते एका माणसाला लागते. बाई कशी आहे, असं मी विचारलं. तो म्हणाला, चांगली आहे हो, पण समोरच्याला बोलू देत नाही, अगदी तुमच्यासारखी.

मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसलो. तो पाणी आणायला धावला.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. पुठ्ठा गुपचूप काढून कात्री घरी ठेवता आली असती. मंडळात माझं नाक वर राहिलं असतं. पण मी ती घेऊन गेलो, आणि सगळे जमल्यावर उभा राहिलो. म्हटलं, मंडळी, माझा अंदाज फक्त सत्तर वर्षांनी चुकला. ही कात्री दीड वर्षाची आहे. तो उंच, तापट शिंपी जन्मालाच आला नाही, आहे तो मीच, बुटका. आणि ही माझ्या मुलीने बनवली आहे. एवढं बोलून बसायला हवं होतं, पण मी अर्धा तास बोललो. पात्यांचा बाक दाखवला, स्क्रू काढून आतली घासलेली बाजू दाखवली, प्रत्येकाच्या हातात दिली आणि उजव्या हातात धरणाऱ्यांना रागावलो. आयुष्यात माझी एवढी मोठी चूक कधी झाली नव्हती आणि चुकल्याचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. आई मागच्या रांगेत बसली होती. हे तिला आधीपासून ठाऊक होतं, हे मला तिच्या हसण्यावरून तेव्हा समजलं.

कौतुक करताना खोट लपवणारा मी नाही. अंगठ्याचं कडं आतून थोडं गोल करायला हवं, तासाभराने टोचतं. बाकी बोट ठेवायला जागा नाही. दारात उभा राहून जे बोललो ते खोटं होतं, टाचणी, आणि बोलताना मला ते ठाऊक नव्हतं ही काही सबब नाही. ते वाक्य मी भर सभेत मागे घेतलं, पण तू तिथे नव्हतीस, म्हणून इथे लेखी देतो. आता पत्राचं खरं कारण. कात्री बोथट झाली आहे आणि तिला धार लावणारं माणूस माझ्या माहितीत एकच आहे. येत्या सोमवारी सकाळच्या गाडीने ती घेऊन येतोय. गिऱ्हाईक म्हणून येईन, बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसेन, आणि कागद कापल्याबद्दल चार लोकांसमोर बोलणी खाईन. धार लावून झाली की मला बाप म्हणून आत बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच, साफ चुकलेला जाणकार,
बाबा